बायस्कोपच्या डब्यातलं थायलंड

मित्रांनो, आधी नाक पुसून या, मग जवळ बसा. मी एक जुना बायस्कोपचा डबा आहे, आणि लोकांच्या नाकांनी मला जन्मभर छळलंय.

माझा जन्म एकसष्ट सालचा, कोल्हापूरच्या शनिवार पेठेतला. फक्रुद्दीनभाईंनी चहाचं खोकं कापलं, वर पत्रा ठोकला, पुढं चार भोकं पाडून भिंगं बसवली. आत दोन दांडे आणि त्यांवर चित्रांची गुंडाळी. मूठ फिरवली की दिल्ली जायची, आग्रा यायचा. उजेडासाठी वरचं झाकण उघडं. जत्रा, उरूस, शाळेचं आवार, सगळीकडं माझं कौतुक व्हायचं. पण कौतुक करणारे भिंगाला तोंड लावून करायचे, आणि तोंडात तंबाखू. कपाळाचं खोबरेल, नाकाचा शेंबूड, कुणाच्या तरी मिशीतला कालचा रस्सा. संध्याकाळी माझी भिंगं भज्याच्या कागदासारखी व्हायची. फक्रुद्दीनभाई त्यांवर थुंकून लुंगीनं पुसायचे. मला वाटायचं, राहू दे तो रस्सा.

पंचाहत्तर साली शेजारच्या अक्का थायलंडच्या चित्रांचं एक कॅलेंडर घेऊन आल्या. त्यांचा मुलगा कृष्णात फिटर होता. साखर कारखान्याची यंत्रं बसवायला तो थायलंडला गेलेला, समुद्रकाठच्या एका गावाजवळ. अजून पाच वर्षं तिथंच राहायचं होतं, म्हणून लग्न करून बायकोला न्यायचं ठरलेलं. हातकणंगल्याच्या बाळासोंची सरोजिनी त्याला पसंत होती. घोडं बाळासोंपाशी अडलेलं.

“कसलं गाव हाय ते बघितल्याबिगर लेक देणार न्हाय म्हणत्यात,” अक्का म्हणाल्या.

“मग कॅलेंडर दाखवा की.”

“दाखवलं. म्हणाले, कॅलेंडरवर कुणीबी कायबी छापतंय. फक्रुद्दीनच्या डब्यात दिल्ली बघितली, मागनं खरी जाऊन बघितली, दोन्ही सेम. तवा थायलंडबी डब्यातच बघणार.”

ही अक्कल. चित्रं तीच, पण डब्यातनं बघितली की खरी. फक्रुद्दीनभाईंनी खुशीनं कॅलेंडर कापलं आणि गव्हाच्या खळीनं माझ्या गुंडाळीवर चिकटवलं. दुसऱ्या दिवशी खळ चाटायला झुरळं आली, सहकुटुंब. चित्रं मात्र देखणी. निळा समुद्र, रंगीत होड्या. डोंगरावर देऊळ, शेकडो पायऱ्या, पायऱ्यांवर माकडं. गुहेत आडवे झोपलेले सोनेरी बुद्ध. आणि किनाऱ्यावर दोरीला धुण्यासारखं वाळत घातलेलं काहीतरी पांढरं.

बाळासो चैत्रात जोतिबाला लेकीसकट येणार होते. तिथंच दाखवायचं ठरलं. सकाळीच फक्रुद्दीनभाईंनी मला डोंगरावर पायऱ्यांच्या कडेला मांडलं. अक्का शेजारी बसल्या. पावणे यायच्या आधी राधानगरीकडचे केरबा नावाचे एक गृहस्थ डोळा लावून बसले. चित्र बुद्धांवर आलं.

“देव निजलाय व्हय,” केरबा म्हणाले, आणि चांगभलं म्हणत मुठीतला गुलाल वरनं झाकणातनं आत सोडला.

“पावणं, कागद हाय त्यो.”

“कागदावरचा झाला तरी देवच की.”

मग उरलेल्या तीन भोकांवरचे कशाला मागं राहतील. त्यांनीही सोडला. एकानं खोबरं टाकलं. मित्रांनो, डब्याला उलटी करता येत नाही, हे माझं दुर्दैव. फक्रुद्दीनभाई घाबरले आणि ओलं फडकं घेऊन आत हात घातला. सुका गुलाल झटकला असता तर गेला असता. ओल्यानं त्याचा चिखल झाला.

तेवढ्यात बाळासो आले, मागं सरोजिनी.

“दाखवा थायलंड.”

त्यांनी नाक टेकलं. मी श्वास धरला.

“समिंदर गुलाबी हाय?”

“उजेड तसा पडलाय,” फक्रुद्दीनभाई म्हणाले.

“डोंगर. वर देऊळ. पायऱ्या. माकडं, त्यास्नीबी गुलाल.” बाळासोंनी मान वर केली. “अक्का, हे जोतिबाच हाय की. पोरगं खरंच परदेशात हाय, का इथंच कुणाच्या माळ्यावर ठेवलंय?”

अक्कांचा चेहरा उतरला. “आईशप्पत पावणं, तिकडंच हाय त्यो.”

“ऱ्हाऊ दे. चल सरू, जमत न्हाय हे.”

सरोजिनी हलली नाही. “आबा, सरका जरा. जायचं मला हाय.”

तिनं माझं मागचं दार उघडलं. कोरडा रुमाल काढला आणि एकेक चित्र हलक्या हातानं टिपलं. चौदा वर्षांत मला कोरडं कापड पहिल्यांदाच लागत होतं. मी संकोचलो. मग तिनं भिंग पुसून डोळा लावला. नाक न टेकवता. असं जमतं, हे मला त्या दिवशी कळलं.

“समुद्र निळाच हाय, आबा. आत्ती, हे दोरीवर काय वाळतंय?”

“कापडं असतील,” फक्रुद्दीनभाई घाईनं म्हणाले.

अक्कांनी कमरेच्या पिशवीतनं कृष्णातचं पत्र काढलं. “मासं हाईत. पांढरं, लिबलिबीत. लिवतोय, अख्ख्या गावाला वास सुटतोय, पयलं आठ दिवस जेवण गेलं न्हाय. देऊळ बघाय गेला तर माकडानं चष्मा नेला. केळी दावून मागाय गेला तर केळीबी नेली. सरोजिनीला आधीच सांग म्हणून लिवलंय. मीच लपवलं, मोडंल म्हणून.”

“शी,” बाळासो म्हणाले. मला त्यांचं पटलं.

सरोजिनी मात्र हसायला लागली. “गेल्या साली स्थळ आलतं, त्यांच्या दारातनं गटार व्हात हुती, आणि म्हणाले, हवा लई चांगली हाय. ह्यो माणूस हजार कोसांवरनं वास कळवतोय. मला चालतोय.”

बाळासोंनी बराच वेळ डोकं खाजवलं. “मटण मिळतंय का तिथं?”

अक्कांनी पत्राचं दुसरं पान शोधलं. “मिळतंय.”

लग्न ठरलं. आनंदात बाळासोंनी नारळ फोडला, तो माझ्याच पत्र्यावर. पाणी झाकणातनं आत. थायलंड बुडालं.

सरोजिनी त्या दिवाळीत गेली, सुखात आहे म्हणतात. मी नाही. डब्यानं लग्न जुळतं अशी बोंब उठली. लोक उपवर पोरी घेऊन यायला लागले. आत कुणी बघेना. भिंगाला हळद, भिंगाला कुंकू, मुठीला दोरे, पोटात अक्षता. अक्षतांना कीड लागली. शेवटी मूठ फिरेना, तर लोक म्हणाले, देव कोपला. तेव्हापासून मी माळ्यावर आहे, चार डोळ्यांना कुंकवाची पुटं चढलेला.

तर मित्रांनो, हात जोडतो, मला नवस बोलू नका. कोरडं फडकं आणा. काच पुसा, आत बघा, आणि जे गाव दिसेल त्याचा वास कसा आहे ते आधी विचारून घ्या.