मला हवे होते कडुबाचे रविवार

मित्रांनो, पुंडलिकनगरात दोन खोल्यांच्या एका घरामागे पत्र्याची शेड आहे. त्या शेडमध्ये उभी असलेली जुनी मोटारसायकल म्हणजे मी. माझ्यावर गादी नाही, मडगार्ड अर्धी कापलेली आहेत आणि सायलेन्सर वर उचलून बांधलेला आहे. मला पाहणारा हमखास विचारतो, "हिचा अपघात झाला होता काय?" झाला होता. पण माझे हे रूप अपघाताने आलेले नाही. एका माणसाने ते मला हौसेने दिले. त्याचे नाव कडुबा. त्याच्यावर माझा जीव होता आणि त्याच्या मुलीचा मला हेवा वाटायचा. ही गोष्ट त्या हेव्याची आहे, म्हणून ती सांगताना मी स्वतःला फार चांगले म्हणवून घेणार नाही.

मी तशी साधीच. एकशे पंचाहत्तर सीसीचे इंजिन, पेट्रोलमध्ये ऑइल मिसळून पिणारे. काही वर्षे एका सरकारी खात्याचे कागद वाहिले, मग लिलावात निघाले, आणि शहात्तर साली कडुबाने मला घेतले. तो मूळचा पिशोरचा. चिकलठाण्यात तेव्हा नवेनवे कारखाने उभे राहत होते, त्यांतल्या एकात तो फिटर होता. इतर लोक गाडी घेतली की हँडलला गोंडे लावत. कडुबाने पहिल्याच दिवशी पाना घेऊन माझे आरसे काढून टाकले.

त्याचे कारण असे. कारखान्यात मशीन बसवायला एक परदेशी इंजिनिअर आला होता. त्याच्याजवळच्या मासिकात कडुबाने एक चित्र पाहिले. एक माणूस मोटारसायकलवर सरळ उभा, आणि गाडीखाली रस्ता नाही, नुसते ओढ्यातले धोंडे. या खेळाला ट्रायल म्हणतात. त्यात वेगाला काही किंमत नाही. खडकांमधून, चढावरून, फक्कीच्या दोन रेघांमधून गाडी न्यायची आणि पाय जमिनीला लागू द्यायचा नाही. पाय टेकला की एक गुण चढतो, आणि ज्याचे गुण सर्वांत कमी तो जिंकतो.

कडुबाला त्या चित्राने झपाटले. त्याने माझी मागची दातेरी चक्री मोठी करून घेतली, म्हणजे मला माणसाच्या पावलाने चालता यावे. गादी काढली, कारण या खेळात बसायचे नसतेच. चाकांतली हवा कमी ठेवली, म्हणजे रबर दगडाला धरून राहावे. दर रविवारी सकाळी तो मला विद्यापीठामागे, लेण्यांच्या डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या खडकाळ नाल्यात नेई. सोबत सूर्यभान. तो त्याच कारखान्यातला, घराणे मेंढपाळांचे. तो पंच. खडकावर उकिडवा बसून तो माझ्याकडे नव्हे, कडुबाच्या बुटांकडे बघत राही.

"पाय!" सूर्यभान ओरडे.

"कुठं टेकला? नुसता लागला."

"लागला म्हंजी टेकला. अरे, आमची मेंढरं तुझ्यापेक्षा बरी चढतात इथं. त्यांना पेट्रोल बी लागत नाय."

"मंग मेंढरावर बसून ये की कामाला!"

ते दोघे हसत आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करत. कडुबाच्या डाव्या हाताची दोन बोटे माझ्या क्लचवर असत. ती एवढीशी सैल झाली की मी वीतभर पुढे, आवळली की जागीच. माझ्यावर उभा राहून तो शंभर आकडे होईपर्यंत हलत नसे. तेव्हा मला वाटायचे की हा माणूस माझा आहे.

तो फक्त माझा नव्हता. विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव द्यावे म्हणून आंदोलन पेटले. अठ्ठ्याहत्तर साली गावोगावी वस्त्या जळाल्या. कडुबाच्या मावशीचे घरही राहिले नाही. मग रविवारी बैठका, मोर्चे. एकदा सत्याग्रहात तो तुरुंगात गेला आणि परत आला तोवर माझ्या साखळीला गंज चढला होता. खरे सांगते, मला त्या नावाचाही हेवा वाटला. घरे का जळतात, हे यंत्राला काय कळणार? मला एवढेच दिसे की माझा रविवार दुसरे कोणीतरी नेत आहे.

एक्क्याऐंशी साली मुक्ता जन्मली. तिची आई मनकर्णाबाई हिला माझा धूर सोसत नसे, त्यामुळे मी बाहेर आणि मुक्ता आत. कडुबा कामावरून आला की आधी आत जाई. मुक्ता दहा वर्षांची झाल्यावर तीही रविवारी नाल्यावर येऊ लागली. माझ्या टाकीवर पुढे बसून. माझ्या टाकीवर! तिच्या चपला माझ्या रंगावर घासत आणि कडुबा तिला एका शब्दाने बोलत नसे.

आता कडुबाची एक रीत सांगते, कारण सगळे तिच्यावरच आले. सुरुवात करण्याआधी तो क्लचच्या तारेच्या उघड्या टोकांवरून कापसाचा बोळा फिरवी. तार बारीक धाग्यांची वळलेली असते. एखादा धागा तुटला असेल तर डोळ्यांना दिसत नाही, पण कापूस तिथे अडकतो. अडकला की त्या दिवशी खडकावर जायचे नाही. घरी परतायचे, तार काढायची, नवी बसवायची, तेल सोडायचे.

"मशीन सांगून मोडतं, मुक्ते," तो म्हणायचा. "ऐकणारा पाहिजे."

मुक्ताची बोटे बारीक, म्हणून हे काम त्याने तिच्याकडे दिले. मला ते आवडले नाही. पण तिचा हात हलका होता, हे कबूल करायला हवे.

त्र्याण्णव सालच्या डिसेंबरातला शेवटचा रविवार. नाल्यावरून लवकर परतून कडुबाने मुक्ताला सिद्धार्थ उद्यानात न्यायचे कबूल केले होते. आधीचे दोन रविवार असेच ठरून बुडाले होते. एकदा माझी साखळी, एकदा कार्बोरेटर. मी मनातून खूश झाले होते. त्या सकाळी मुक्ताने नवा फ्रॉक घातला होता. तिने तारेवरून बोळा फिरवला आणि तो अडकला. मला जाणवले आणि तिलाही. मी माझे सांगून टाकले होते.

"काय म्हणती गाडी?" कडुबाने विचारले.

मुक्ताने अडकलेला तंतू चिमटीने काढला आणि मुठीत धरला. "काय नाय, आबा. साफ हाय."

पाऊण तासाने छातीएवढ्या खडकाच्या माथ्यावर कडुबा माझ्यावर उभा होता. दोन बोटे आवळलेली. तार तुटली. मी अडवू शकले नाही. मी उसळून पुढे गेले, तो खाली पडला आणि मी त्याच्या गुडघ्यावर. सूर्यभानने मला बाजूला लोटले, तुटलेली तार हिसकून काढली आणि रागाने नाल्यात भिरकावून दिली. ती कडुबाच्या हाती पडती तर त्याने ओळखले असते. आधीच तुटलेल्या धाग्याचे टोक काळे पडलेले असते.

पण तो फक्त आकाशाकडे बघत म्हणाला, "न सांगता मोडली रे ही."

पुढच्या महिन्यात, चौदा जानेवारीला, विद्यापीठाला नाव मिळाले. सोळा वर्षे कडुबाने त्या दिवसाची वाट पाहिली होती, आणि त्या दिवशी तो मांडीपर्यंत प्लास्टरमध्ये खाटेवर होता. सूर्यभान त्याला पाठुंगळी न्यायला आला होता. डॉक्टरांनी सक्त मनाई केली होती.

"तू जा, बाई," कडुबा मुक्ताला म्हणाला. "गेटावर जा आईसंगं. माझ्या वाटचं बघून ये."

ती गेली. संध्याकाळी परत येऊन तिने बापाला सगळे सांगितले. कमानीजवळची गर्दी, गुलाल, अनोळखी बायका एकमेकींच्या गळ्यात पडून कशा रडत होत्या. शेडपर्यंत ऐकू येत होते. तिने एक गोष्ट सोडून सगळे सांगितले.

मित्रांनो, गुडघा जुळला, पण नीट वाकेना. कडुबाने सेकंडहँड स्कूटर घेतली. ती घराच्या ओट्यापाशी उभी राही आणि तिला रोज फडके मिळे. माझ्याकडे तो येत नव्हता. काही लागले तर शेडमध्ये यायचा, माझ्या बाजूने फिरून डबा उचलायचा आणि जायचा. मोडल्याचे दुःख मला नव्हते. मी दगाबाज आहे असे त्याला वाटत होते, आणि जिने माझे तोंड दाबले ती त्याच्या ताटाला ताट लावून जेवत होती. सतरा वर्षे मी तिचा द्वेष केला. ती शिकली, त्याच विद्यापीठातून एम. ए. झाली, सोयगावच्या कॉलेजात शिकवायला लागली. दर शनिवारी घरी यायची, पण शेडमध्ये कधी पाऊल टाकत नसे. ती मला विसरली, असे मी समजत होते.

कडुबा निवृत्त झाला तेव्हा सूर्यभानने जुन्या गाड्या घेणारा मोतीराम नावाचा एक माणूस आणला. रविवार होता. मुक्ता दारात उभी होती.

"बॉडी अच्छी है, काका," मोतीराम माझ्याभोवती फिरून म्हणाला. "ऐसी चीज आता मिळत नाय. दुरुस्त करून चालवतो मी."

"ने," कडुबा म्हणाला. "पण एक सांगून ठेवतो, नंतर बोल लागाया नको. ही गाडी दगा देणारी हाय. सांगत नाय. हिच्यावर इसरून जीव टाकू नको."

"आबा," मुक्ता म्हणाली. "तिनं सांगितलं होतं."

सगळे तिच्याकडे बघू लागले.

"त्या दिवशी कापूस अडकला होता. मी काढून मुठीत धरला. गाडीनं सांगितलं होतं, आबा. मी सांगितलं नाही."

मोतीरामला काही उमगले नाही. सूर्यभानला उमगले, त्याने मोतीरामच्या दंडाला धरले आणि म्हणाला, "चल, चहा पाजतो तुला. सौदा झाला नाय समज."

मी वाट बघत होते. आता कडुबा तिला बोलेल, असे मला वाटत होते. मला ते ऐकायचे होते.

"का गं?" त्याने विचारले.

"गाडीचं काही निघालं की तुमचा रविवार तिचा व्हायचा. मला हवा होता."

"तुला यायचं होतं उद्यानात."

"उद्यान नव्हतं हवं, आबा."

कडुबाने डोळे पुसले. मग म्हणाला, "मंग मागायचा ना, येडे. दिला असता की."

बस, एवढेच. त्याने तिला बोल लावला नाही, सतरा वर्षांचा हिशेब मागितला नाही. लंगडत माझ्यापाशी आला, टाकीवर हात ठेवला आणि म्हणाला, "चुकलं बये माझं." मला तो हात पुरायला हवा होता. पण दुसरा हात त्याने तिच्या डोक्यावर ठेवला होता, आणि मी तेही पाहिले.

त्यानंतर दहा वर्षे रविवार आम्हा दोघींचे झाले. तो खुर्चीवर बसून सांगायचा आणि मुक्ता माझे इंजिन उघडायची. हात तिचे, डोळे त्याचे. ती नटबोल्ट चुकीच्या बाजूला फिरवी आणि तो म्हणे, "प्राध्यापकबाई, ते कवितेचं पुस्तक नाय." माझे इंजिन उघडे पडलेले आणि गप्पा मात्र तिच्या. अंगणात दोन विटांच्या मधून ती मला चालवायला शिकली. ती पाय पंधरा वेळा टेकायची आणि कडुबा पाचच मोजायचा. मी बरोबर मोजत होते.

गेल्या हिवाळ्यात कडुबा गेला. पिशोरहून माणसे आली, कारखान्यातले जुने लोक आले, घर भरले. मुक्ताला सगळ्यांनी जवळ घेतले. शेडमध्ये कोणी आले नाही. मला कोण विचारणार?

महिन्याभराने ती आली. जमिनीवर माझ्या चाकाशी बसली. तिने कशालाच हात लावला नाही. मग म्हणाली, "तुझं बरंय. तू दर रविवारी त्यांच्या हातात असायचीस. तू त्यांना माझ्याआधी पाच वर्षं पाहिलंस. त्या पाच वर्षांतले आबा मला कोण सांगणार?"

मित्रांनो, तेव्हा मला कळले की इतकी वर्षे ती मला विसरली नव्हती. मी तिच्याकडे ज्या डोळ्यांनी बघत होते, त्याच डोळ्यांनी ती माझ्याकडे बघत आली होती. ती पाच वर्षे माझ्याजवळ आहेत. त्यांतला एकही दिवस मला तिला देता येत नाही. द्यावासा वाटला, हे मात्र पहिल्यांदाच घडले.

तुमच्या घरी एखादी जुनी गाडी असेल, शिलाईचे यंत्र असेल, पाण्याची मोटर असेल. त्यांना वेळेवर तेल द्या, त्यांची कुरकुर ऐका, आणि ऐकलेली लपवू नका. आम्हाला काय हवे ते आम्हाला मागता येत नाही. तुम्हाला येते. घरात ज्याचा वेळ तुम्हाला हवा आहे, तो माणूस आत्ता पलीकडच्या खोलीत असेल, तर हे वाचन बाजूला ठेवा आणि जाऊन मागा.