वासलेली चोच

माणसांच्या तोंडांचा स्टुडिओवाल्या बाईंना मनापासून वीट आला होता, आणि पोट तर त्याच तोंडांवर चालत होतं. करड्या पडद्यासमोर एक गोल स्टूल, दोन्ही बाजूंना छत्र्यांचे दिवे, आरशाशेजारी दोरीला बांधलेला कंगवा. दोरी कशाला, तर लोक कंगवासुद्धा खिशात घालून न्यायचे. पासपोर्टच्या फोटोसाठी आलेला माणूस स्टुलावर बसला रे बसला की त्याला स्वतःचं तोंड नकोसं व्हायचं. "जरा गोरा करा." "हनुवटी एकच दाखवता येईल का?" "एवढा तीळ काढा ना." बाई तीळ काढायच्या, हनुवट्या कमी करायच्या, आणि गिऱ्हाईक दाराबाहेर पडलं की म्हणायच्या, "गेलं एकदाचं सोंग!"

सुट्टीच्या दिवशी त्या गावाबाहेरच्या बंद पडलेल्या दगडखाणीत जायच्या. तिथल्या कड्यात ससाण्याची एक मादी राहायची. पारव्याएवढा जीव, पण मिजास अशी की भलेभले तिच्यापुढे पाणी भरतील. वाऱ्यावर एकाच जागी पंख मारत ती लटकून राहायची, खाली उंदीर हलला की धाडकन कोसळायची, आणि मग शिकार पायाखाली दाबून सगळीकडे नजर फिरवायची. त्या नजरेत बाई कुठल्या जमेतच नव्हत्या. बाईंना तेच भारी आवडायचं. जगात एक तरी तोंड असं आहे, की ज्याला आपल्याकडून काही म्हणजे काही नको! तो तुच्छ कटाक्ष एकदा अगदी जवळून, पापणीची पिवळी कड दिसेल इतका जवळून, कॅमेऱ्यात यावा, एवढी एकच हौस त्यांनी उराशी धरली होती. त्यासाठी गोणपाटाचं लपण उभारून त्या तासन्‌तास आत बसायच्या. खोकला आला तर तोंडात रुमाल कोंबायच्या. मादी काही जवळ आली नाही. "का यावं तिनं? मी कोण लागून गेले?" असं वर बाईच म्हणायच्या.

माती खाल्ली ती बाईंनीच. जावई दातांचा डॉक्टर. हातभर लांब नवी लेन्स घेतल्यापासून तो घरातल्या कुंड्यांचेसुद्धा वाघासारखे फोटो काढत होता. लेक म्हणाली, "आई, त्यांना दाखव ना तुझी ती जागा. तेवढंच तुमचं दोघांचं जमेल." लेकीपुढे बाईंचं काही चालत नसे. त्यांनी खाण दाखवली, लपणही दाखवलं.

थोड्याच दिवसांत जावई पेन ड्राइव्ह नाचवत स्टुडिओत हजर. "आई, आधी बसा. नाहीतर चक्कर येईल."

चक्कर नाही आली, पण बाईंनी खुर्ची पुढे ओढली. कॉम्प्युटरच्या पडदाभर त्या मादीचं तोंड. चोच वासलेली, आत जिभेचं टोक, डोळे रोखलेले, पीस न् पीस वेगळं.

"काय त्वेष आहे, बघा!" जावई म्हणाला. "फोटोग्राफी मंडळाच्या प्रदर्शनात समोरची अख्खी भिंत मला देताहेत. मोठा प्रिंट तुम्हीच काढून द्यायचा."

बाईंनी सवयीनं फोटो मोठा करून पाहिला. लोकांचे तीळ शोधून शोधून डोळे तसे झाले होते. चोचीच्या बाकदार टोकावर एक पांढराशुभ्र केस चिकटला होता. खाणीतले उंदीर मातकट. पांढरे मिळतात दुकानात, पिंजऱ्यात चाक फिरवत बसलेले.

"उंदीर कुठून आणलात, जावईबापू?"

तो जराही वरमला नाही. "दुकानातून. सगळेच करतात हो, आई. आधी एक क्लिक करून उजेड बघायचा, मग उंदीर सोडायचा. सुरुवातीला भाव खाल्ला तिनं, मग आली सुतासारखी सरळ. तुम्ही उगाच इतकी वर्षं गोणपाटात घाम गाळलात." मग पडद्यावर बोट टेकवून म्हणाला, "तेवढा केस काढा ना."

हाही शेवटी स्टुलावरचाच निघाला, असं बाईंच्या मनात आलं. लेकीनं हे रत्न नेमकं कुठल्या उजेडात पारखलं होतं, देव जाणे.

"माझ्या मशीनमधून निघेल तो केसासकट निघेल," त्या म्हणाल्या.

"राहू द्या मग. एवढं कोण बघतंय!"

ते मात्र त्यानं खरं सांगितलं.

पुढच्या सुट्टीला बाई खाणीत गेल्या. लपणात बसल्या, उजेड बघायला समोरच्या रिकाम्या दगडावर कॅमेरा रोखला आणि बटण दाबलं. खट्.

मादी कड्यावरून सुटली ती थेट त्या दगडावर येऊन बसली. हात लांब केला असता तर लागली असती. जन्माची हौस पुढ्यात येऊन बसली होती, आणि बोट आपोआप बटणावर गेलं. खट्. तशी ती दोन उड्या मारून आणखी पुढे आली, अर्धे पंख पसरून थरथरवले, चोच वासली आणि किरकिर करायला लागली. पिल्लू आईपुढे करतं तशी. जावयाच्या फोटोतला त्वेष तो हाच. खट् झालं म्हणजे उंदीर येणार, एवढंच ती शिकली होती.

बाईंना शिसारी आली. आधी जावयाची आली, मग स्वतःच्या बोटाची, कारण ते अजून बटण दाबतच होतं. उद्या कोणी जाळं घेऊन आला आणि त्यानं नुसता खट् आवाज केला, तर ही बया अशीच नाचत त्याच्या पुढ्यात जाईल आणि मरेपर्यंत पिंजऱ्यात बसेल. "भवाने," बाई म्हणाल्या, "तूसुद्धा?"

गोणपाट झुगारून त्या उभ्या राहिल्या. ती हललीसुद्धा नाही, उंदराची वाट बघत राहिली. बाईंनी बटण दाबलं आणि मूठभर खडी तिच्या पायांशी भिरकावली. ती उडाली, एक फेरी मारून परत आली. पुन्हा खट्, पुन्हा खडी. "चल, नीघ! लाज नाही वाटत? त्या दातवाल्यापुढे तोंड वासतेस?" इतकी वर्षं खोकला गिळून बसलेल्या बाई घसा फोडून ओरडत होत्या, आणि डोळ्यांना धार लागली होती. एक खडा तिच्या पंखाला लागला तेव्हा त्या मटकन खाली बसल्या. ती परत आली, तशा पुन्हा उठल्या.

स्टुडिओला कुलूप घालून त्या रोज जात राहिल्या. गिऱ्हाइकं बोंबलली. बोंबलू देत, तोंडं काय कुठे पळून जात नव्हती.

शेवटी एकदा खट् झालं आणि ती उलट्या दिशेला उडाली. कड्याच्या पार माथ्यावर जाऊन बसली आणि तिथून वळून पाहिलं. तोच तुच्छ कटाक्ष. फक्त आता त्यात बाई जमेत होत्या, वैरी म्हणून. बाईंनी तो तेवढा एक फोटो काढला. आवाजासरशी ती माथ्यापलीकडे दिसेनाशी झाली.

प्रदर्शनात समोरच्या भिंतीवर वासलेली चोच, आणि कोपऱ्यात, पाण्याच्या पिंपाशेजारी, बाईंचा फोटो. मंडळाचे चिटणीस हात मागे बांधून मोठ्या फोटोपुढे उभे होते. "काय तो आवेश! जंगलाचा हुंकार!" ते म्हणाले. जंगल यांनी कधी पाहिलं असेल तर कॅलेंडरवर.

"आई, ठिपका टांगलात की!" जावई हसला. "थोडं जवळ जायचं ना."

लेक मोठ्या फोटोपाशी थांबली होती. "आई, हिनं चोच का उघडलीय गं? चिडलीय का?"

"चिडतेय कसली! भीक मागतेय," बाई म्हणाल्या, आणि आवाज काही खाली घेतला नाही. "तुझ्या नवऱ्याकडे उंदीर मागतेय. तो बघ, आधीच्या उंदराचा केस चोचीलाच आहे."

चिटणिसांना एकदम तहान लागली. जावयाच्या तोंडावर पासपोर्टच्या फोटोतलं हसू आलं. लेक फोटोला नाक लावून बराच वेळ बघत राहिली, मग कोपऱ्यातल्या ठिपक्यापाशी जाऊन उभी राहिली.

पुढच्या आठवड्यात जावई स्टुडिओत आला. तोंड उतरलेलं. बाईंनी गिऱ्हाइकाला थांबवलं, कारण इतके दिवस त्यांच्या मनाला एकच टोचणी होती: ती आपल्यालाच भ्यायली आणि बाकीच्यांपुढे अजून तोंड वासत असली तर?

"आई, ती येतच नाही हो आता. क्लिक केलं की पळते. उंदीर तसाच दगडावर फिरत राहिला."

बाई हळूच स्टुलावर बसल्या.

"पुन्हा सांगा," त्या म्हणाल्या.

"काय?"

"तेच. कशी पळते ते."