घळीपलीकडची यारेता

माझ्या सासूबाईंना, गुमेर्सिंदाआईंना, दोन वर्षांपासून जवळजवळ दिसत नाही. तरी लोकरीच्या अल्पाकांचा कळप चारायला त्याच न्यायच्या. धुकं उतरलं की घरच्यांनी दारात यारेता या डोंगरी झुडपाचा वाळका गड्डा पेटवायचा आणि रानातल्या माणसाने त्या वासाच्या रोखाने परत यायचं, हा आमच्या डोंगरातला रिवाज. डोळसही तसेच येतात. दगडासारखी घट्ट, डिंकाने भरलेली ही यारेता गाजराच्या कुळातली आहे, असं एकदा एका सरकारी बाईंनी सांगितलं होतं. "मग रश्शात घालून दाखव म्हणावं तिला," सासूबाई म्हणाल्या होत्या.

त्या दुपारी धुकं असं उतरलं की समोर धरलेला हात दिसेना. मी गड्डा पेटवला. माझा नवरा कासिमिरो आईला शोधायला गेला आणि तासाभराने एकटाच परतला, वर खुशीत.

"घळीपलीकडे जिवंत यारेता पेटवून आलोय, बसल्या अल्पाकाएवढी. आता आईला वास कमी पडायचा नाही."

"पलीकडे?"

"मग काय झालं?"

वारा पलीकडूनच येत होता. मी नाक वर केलं. पायाशी जळणाऱ्या गड्ड्याचा वास मलाच येईना, सगळा घळीकडून येत होता. कुरण अलीकडे, घर अलीकडे. सासूबाई वास धरून सरळ चालत जाणार, आणि मध्ये तुटलेला कडा.

"अहो, आई वासाकडेच चालत जातात," मी म्हणाले.

त्याचा चेहरा पांढराफटक पडला. "विझवून येतो."

"यारेता अशी विझते का? चार दिवस आतून धुमसत राहील. कड्याकडे चला आधी."

आम्ही हाका मारत पळालो. मग मला हाकांचीही भीती वाटायला लागली. दचकून त्यांनी भलतीकडे पाऊल टाकलं तर? गप्प राहिलो तरी त्या टाकणारच होत्या. कड्याजवळ मी गुडघ्यांवर आले आणि दगड चाचपत पुढे सरकू लागले. मला रडू येत होतं.

उजवीकडे एक खडा निसटला. तो खाली पडल्याचा आवाज यायला फार वेळ लागला. मी त्या बाजूला अंग झोकलं. हातात शाल आली, शालीत सासूबाई. दोघी आडव्या पडलो.

"अगं प्रिमितिवा, दारातच पाडतेस का मला?" त्या करवादल्या. "चूल दोन पावलांवर आली होती."

"आई, हे दार नाही," कासिमिरो कसाबसा म्हणाला.

त्यांनी काठी पुढे केली. ती कशालाच टेकली नाही. आणखी खाली नेली, तरी नाही. मग त्या मला धरून मागे सरकल्या.

आता कळप मी नेते. सासूबाई दिवसभर चुलीपाशी बसतात. परवा मी यारेता पेटवली, तर त्यांनी माझं मनगट घट्ट धरलं आणि लहान मुलीसारखं विचारलं, "हे आपलंच घर ना गं?"