हत्यारांची गाडी

दसऱ्याच्या दिवशी मी घरात भांडले. परत तीच वेळ आली तर परत भांडेन, कुणाच्या बापाला भीत नाय.

मी छाया. दहिवलीत आमचं घर, पुढं पडवी, पडवीत लाकूड कातायचं लेथ मशीन. लाकूड गरगर फिरतं, त्याला पटाशी लावली की लाटणं होतं, रवी होते, पाळण्याचा दांडा होतो. हे काम माझे मालक मनोज करायचे. ते गेले आणि मशीन माझ्या हातात आलं. खरं सांगू? ते असतानाच अर्धं काम मी करायचे, पण ते बाहेर बोलायचं नाय. आता सगळंच मी करते, तरी येणारा माणूस विचारतो, "मनोजचं मशीन कोण चालवतं हल्ली?" अरे, समोर भुशानं माखून उभी हाय ती कोण, भूत?

हत्यारांचे मात्र लई हाल होते. सगळ्या पटाश्या एका पत्र्याच्या डब्यात उभ्या, एकमेकींवर आपटून धार जायची. पाहिजे ती वेळेला सापडायची नाय. त्यात पडवीला दार नाय, म्हणून रोज संध्याकाळी तो डबा उचलून आत न्यायचा. माझी कंबर धरायला लागली. शेवटी यंदा पावसाळाभर बसून मी हत्यारांना गाडी केली.

जिन्याच्या कामातून सागाच्या पट्ट्या उरल्या होत्या, त्यांची चौकट केली. मधे फळी, फळीला भोकं, भोकांत पटाश्या. आधी पाती खाली ठेवली, तर वरून सगळ्या मुठी सारख्याच, कुठली कुठली कळेना. मग पाती वर केली, तर पहिल्याच दिवशी मनगटाला हा एवढा ओरखडा. स्वतःलाच चार शिव्या घातल्या. मग पाती जरा मागं कलती केली आणि पुढून एक आडवी पट्टी मारली, तेव्हा कुठं हात लागायचा थांबला. बाजूला धारेच्या दगडाला खण केला. खाली चार चाकं, खोपोलीच्या भंगारातून आणलेली, कुठल्यातरी दवाखान्याच्या जुन्या खाटेची. दोन चाकांना ब्रेक, पायानं दाबला की गाडी जागच्या जागी. मशीनला खेटून उभी केली, हात लांब केला की पाहिजे ती पटाशी हातात. एवढा आनंद मला गळ्यात मंगळसूत्र पडलं तेव्हा पण झाला नव्हता.

माझ्या सासूबाई, सोनुबाई, म्हणाल्या, "हा काय खटारा केलास गं?" पण मी घरात नसले की हळूच ढकलून बघायच्या. मला काय कळत नाय?

आमच्याकडं दसऱ्याला हत्यारं पुसून मांडतात, त्यांची पूजा होते. त्या दिवशी मशीन बंद. आणि पूजा दुसऱ्या दिवशी सकाळी उचलायची, तोवर हत्यार हलवायचं नाय. मालक गेल्यापासून ही पूजा करायला माझा दीर राजेश येतो. मोहोपाड्याला कंपनीत हाय, तिथंच कॉलनीत राहतो. वर्षभर पडवीकडं ढुंकून बघत नाय. पण पूजेला पुरुष पाहिजे ना! मी विधवा, मी कुंकवाला हात लावायचा नाय. धार मी लावायची, कुंकू ह्यानं लावायचं. फुकटचा मानकरी!

ह्या दसऱ्याला राजेश आला तो मागं टेंपो घेऊनच. मला वाटलं, काही सामान आणलं असेल. माझी हत्यारांची गाडी बघून खूश झाला. "वा वैनी, भारीच केलंय! पूजा ह्याच्यावरच करू. तुमी जरा लांब ऱ्हावा."

मी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिले. त्यानं कुंकू पाण्यात कालवलं आणि सरळ पात्यांना फासायला घेतलं. ओलं कुंकू, आदल्या दिवशी धार लावलेल्या पोलादाला! गंज धरायला किती वेळ लागतो?

"भावजी, मुठीला लावा. पात्याला पाणी चालत नाय."

"वैनी, देवाच्या कामात मधे बोलू नका."

 सणासुदीचं भांडण कशाला, म्हटलं. त्यानं नारळ फोडला, खोबरं तोंडात टाकलं, वाकला आणि हातानं गाडीचे ब्रेक सोडले.

"काय करताय, भावजी?"

"नेतोय. खालापूरकडं मित्राचं रिसॉर्ट हाय. त्याला काउंटरजवळ ठेवायला असलं जुनं काहीतरी पाहिजे. दादाचं नाव लिहिणार खाली, मोठ्या अक्षरात. मी शब्द दिलाय."

मला आधी कळेचना हा काय बोलतोय. पडवीत बसलेल्या सासूबाईंना माझ्या आधी कळलं. "आरं राजेश, पूजा उद्या उचलायची ना? आज हलवायचं नाय."

"हलवतोय कुठं, आई? हत्यार जागच्या जागीच हाय. गाडी चाललीय." आणि हसला! टेंपोवाला पण हसला. "बरं झालं, वैनींनी चाकं लावली."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. माझ्या कंबरेसाठी मी चाकं लावली, आणि त्याच चाकांवरून माझी भाकरी टेंपोत चालली होती. मी तशीच धावले आणि ब्रेकवर पाय मारला. गाडी जागीच अडकली, राजेशचं पोट तिच्यावर आदळलं.

"वैनी! पूजेला शिवू नका!"

"पूजा गेली खड्ड्यात. हत्यारं कुणाला विचारून नेतोस?" भावजी-बिवजी सगळं संपलं होतं.

"दादाची आठवण हाय ती."

"दादाची आठवण मी हाय! मला पण नेऊन ठेव काउंटरवर! उद्यापासून मी काय नखांनी लाकूड कातू?"

"कशाला कातताय?" तो पण आता चिडला. "बाईमाणसाचं काम हाय का हे? कॉलनीत लोक विचारतात, तुझी वैनी सुताराची कामं करते का. मान खाली घालायची पाळी येते आमाला."

असं हाय होय! रिसॉर्ट नाय, आठवण नाय, नाव नाय. ह्याच्या मानेला त्रास होतोय म्हणून माझे हात तोडायचे! मला एवढा राग आला की डोळ्यांत पाणी आलं, आणि पाणी आलं म्हणून आणखी राग आला.

तेवढ्यात माझं लक्ष त्याच्या कपाळाकडं गेलं. कोरं. आमच्या घरची रीत अशी, की सगळं झालं की हत्याराचं कुंकू बोटावर घ्यायचं आणि आपल्या कपाळाला लावायचं. वर्षभर जो ते हत्यार चालवणार, त्यानं. मालकांनी एकदा पण चुकवलं नव्हतं. ह्या शहाण्याला न्यायची एवढी घाई, की तेवढंच राहून गेलं.

मी गोल पटाशी उपसली. राजेश दोन पावलं मागं सरकला. त्याला वाटलं, मारते की काय. हात शिवशिवत होताच, खोटं कशाला बोलू. पण मी अंगठ्यानं पात्यावरचं कुंकू निपटलं आणि माझ्या कपाळाला लावलं.

"आई!" राजेश किंचाळला. "बघ ही काय करतेय! दादा जाऊन किती वर्षं झाली आणि ही कुंकू लावतेय!"

सासूबाई उठल्या. त्यांचं स्वतःचं कपाळ माझ्या लग्नाच्या आधीपासून मोकळं. त्या माझ्यासमोर आल्या आणि त्यांनी हात उचलला. मी मनात म्हटलं, पुसू दे, मी परत लावीन. पुसतील तितक्या वेळा लावीन.

"वाकडं लागलंय," त्या म्हणाल्या. पदराचं टोक जिभेला लावून त्यांनी कडा पुसल्या आणि बोटानं कुंकू गोल केलं. 

"आई, अगं..."

"वरडू नको. टेंपो जाऊ दे तुझा."

राजेश न जेवताच गेला. जाताना म्हणाला, ह्या घरात आता पाय ठेवणार नाय. जा म्हटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी आंघोळ करून मी पूजा उचलली आणि मशीन चालू केलं.