रविवारी नाहीसं होणारं कार्ड

वेणीमाधवरावांचं ग्राफिक्स कार्ड सोमवारी असायचं, मंगळवारी असायचं, शनिवारी संध्याकाळपर्यंत घूंऽऽ करत राबायचं आणि रविवारी दुपारी नाहीसं व्हायचं. आता कार्ड म्हणजे काही देवळाबाहेर काढून ठेवलेली चप्पल नव्हे, की कोणी पायात सरकवून चालतं झालं. चांगलं वीतभर लांब, तीन पंख्यांचं धूड ते, कॉम्प्युटरच्या डब्यात स्क्रूने आवळलेलं. जाऊन जाऊन जाणार कुठे? पण सॉफ्टवेअर ठणकावून सांगायचं, ‘नो युजेबल जीपीयू फाउंड’. म्हणजे या डब्यात कामाचं कार्डच नाही. झालं! डोकं धरून बसायची पाळी.

आणि ही पाळी यावी कोणावर? तर ज्याने उभी हयात सातपूरच्या कारखान्यात क्वालिटी चेकिंगमध्ये काढली त्याच्यावर. गेजच्या मापात बसला तर माल पास, नाही बसला तर परत. मग समोर साहेब उभा असो नाहीतर साहेबाचा साहेब. ‘मी डोळ्यांनी पाहिलंय’ हे वेणीमाधवरावांचं ठरलेलं वाक्य. त्यापुढे कारखान्यात कोणी ब्र काढत नसे. घरात इंदिराबाई काढायच्या, पण त्यांचं ऐकतो कोण!

कॉम्प्युटर खरा मुलीचा, मृण्मयीचा. ती आर्किटेक्ट. इमारतींची चित्रं पटापट उमटावीत म्हणून तिने हौसेने हे तगडं कार्ड घातलं, आणि मग लग्न होऊन पुण्याला गेली, लॅपटॉपवर काम करू लागली. यंत्र नाशिकला इंदिरानगरच्या फ्लॅटमध्ये मागच्या खोलीत चादर पांघरून पडलं. वेणीमाधवरावांना रिकामं यंत्र बघवत नाही. त्यांनी कुठेतरी वाचलं, की जगभरातली माणसं आपापले रिकामे कॉम्प्युटर इंटरनेटवरून संशोधकांना वापरायला देतात. मलेरियावरच्या औषधाच्या शोधासाठी लागणारी अवाढव्य आकडेमोड अशी घराघरांत वाटली जाते, आणि एकेक तुकडा एकेकाचं यंत्र सोडवतं.

“अगं, हे तर श्रमदान झालं!” ते इंदिराबाईंना म्हणाले. “आपण नुसती वीज द्यायची.”

“नुसती,” इंदिराबाई म्हणाल्या.

मृण्मयीने सॉफ्टवेअर चढवून दिलं. दर रविवारी चहाच्या सुमाराला ती पुण्यात बसून इंटरनेटवरून या कॉम्प्युटरमध्ये शिरायची, सगळं नीट चाललंय ना बघायची, आणि बापाला फोनवर बजावायची, “बाबा, मी आत असताना तुम्ही तिकडे हात लावू नका हं. हॉलमध्ये बसा.” वेणीमाधवराव आज्ञाधारकपणे हॉलमध्ये बसायचे. आणि पहिल्याच रविवारी ती म्हणाली, “बाबा, कार्ड दिसत नाहीये.”

“दिसत नाहीये म्हणजे? सकाळी मी डोळ्यांनी पाहिलंय, झकास चाललं होतं!”

कार्डाचं आणि कॉम्प्युटरचं बोलणं जुळवून देतो तो ड्रायव्हर. तिने जुना काढून नवा टाकला. तरी काही नाही. कंटाळून सगळ्यांनी नाद सोडला, वेणीमाधवरावांनी झोपताना यंत्र बंद केलं आणि सोमवारी सकाळी पुन्हा लावलं, तर काय, कार्ड हजर! पंखे घोंगावतायत, कामाची टक्केवारी सरसर चढतेय. “लागलं गं, लागलं!” त्यांनी लगेच पुण्याला फोन केला. “मग! नवा ड्रायव्हर टाकला ना मी,” मृण्मयी खूश. पुढच्या रविवारी पुन्हा नन्नाचा पाढा. तिने अख्खं सॉफ्टवेअर काढून परत चढवलं. सोमवारी कार्ड हजर, रविवारी गुल. वेणीमाधवरावांनी डबा उघडून धूळ झटकली, कार्ड उपसून पुन्हा बसवलं, केबली दाबल्या. सोमवारी हजर, रविवारी गुल.

“अहो, रविवारी त्याला सुट्टी असेल,” इंदिराबाई म्हणाल्या.

वेणीमाधवरावांना हसू आलं नाही. एका शनिवारी त्यांनी चालू पडद्याचा फोटो काढून मुलीला पाठवला. म्हटलं, हा घे पुरावा! पण पुरावा उलटला.

“काल चालू होतं हे तर दिसतंयच, बाबा,” मृण्मयी दुसऱ्या दिवशी जपून बोलली. “आज नाहीये. मधल्या वेळात घरात तुम्ही आणि आई. आई त्या खोलीत पाऊल टाकत नाही. म्हणजे तुम्हीच काहीतरी दाबताय, आणि मग... तुम्हाला आठवत नाही.”

“मी? अगं, मी बोटसुद्धा लावलं नाही!”

“तेच म्हणतेय मी. तुम्हाला आठवत नाही.”

आता यावर माणसाने बोलावं तरी काय? लावलं नाही म्हणावं, तर ‘आठवत नाही’ तयारच! वेणीमाधवराव चिडले, तावातावाने ओरडले, आणि मग गप्प झाले. कारण मनात पाल चुकचुकली. मागे जॉगिंग ट्रॅकवरून ते दुसऱ्याचीच छत्री घेऊन घरी आले होते. दूध गॅसवर ठेवून विसरले होते, तेही दोनदा. लासलगावच्या साडूंना वाढदिवसाच्या शुभेच्छा सकाळी देऊन झाल्या होत्या, त्या संध्याकाळी पुन्हा दिल्या. अहो, सत्तरीला टेकलेल्या कुठल्या माणसाचं असं होत नाही? पण एकदा शंका शिरली की ती काही बसू देत नाही. यंत्रासमोर उभं राहून ते स्वतःलाच मोठ्याने सांगू लागले, “मी आता बंद करतोय. मी काही दाबलेलं नाही. फक्त बंद करतोय.” इंदिराबाई दारात उभ्या राहून ऐकायच्या आणि काही न बोलता आत जायच्या.

मग मायलेकींचं फोनवर बरंच बोलणं झालं आणि निष्पन्न झालं ते असं, की पुण्यात एका डॉक्टरांकडे बाबांच्या स्मरणशक्तीची तपासणी करायची. त्यात काही निघालं, तर दोघांनी नाशिकचा फ्लॅट भाड्याने देऊन मृण्मयीजवळ, चार वर्षांच्या नातीजवळ, यशश्रीजवळ राहायला जायचं. पुण्याशी वेणीमाधवरावांचं काही वाकडं नव्हतं. पण आपल्या पायांनी जाणं निराळं, आणि डोकं जाग्यावर नाही म्हणून कोणीतरी उचलून नेणं निराळं. ते भ्यायले होते, सरळ सांगायचं तर.

भ्यायलेल्या माणसाने कारखान्यातली रीत आठवली. संशय माणसावर आहे ना? मग माणूसच बाजूला काढा. शनिवारी संध्याकाळी त्यांनी यंत्र चालू ठेवलं, कार्ड राबतंय याची खात्री केली, खोलीला बाहेरून कुलूप घातलं आणि किल्ली इंदिराबाईंच्या हातावर ठेवली. “उद्या ती बघेपर्यंत मला देऊ नकोस. पाया पडलो तरी देऊ नकोस.”

“नाही देणार,” इंदिराबाई म्हणाल्या.

रविवारी फोन स्पीकरवर लावून दोघं हॉलमध्ये बसली. थोड्या वेळाने मृण्मयीचा आवाज आला, “नाहीये, बाबा.”

“शक्यच नाही! कुलूप होतं! विचार तुझ्या आईला!”

“आई, किल्ली तुझ्याजवळच होती ना?”

इंदिराबाई कपबशा गोळा करत होत्या. “होती,” त्या म्हणाल्या. मग जराशाने म्हणाल्या, “पण दुपारी माझा डोळा लागला होता.”

वेणीमाधवराव आठवू लागले. झोपलेल्या बायकोजवळची किल्ली आपण काढून घेतली का? कुलूप उघडलं का? आणि काय सांगावं, आठवता आठवता त्यांना तसं अंधुकसं आठवायलाही लागलं. किल्ली गार लागली होती. कुलूप उघडताना कट्ट वाजलं होतं.

“घे डॉक्टरांची वेळ,” ते म्हणाले.

पुण्याला निघायच्या आधीचा रविवार उजाडला. इंदिराबाई बेडरूममध्ये बॅग भरत होत्या. वेणीमाधवरावांना हॉलमध्ये बसवेना. आता लपवायचं काय राहिलं होतं? ते उठून मागच्या खोलीत गेले आणि कॉम्प्युटरपुढे खुर्ची ओढून बसले. हात मात्र काखेत दाबून धरले, न जाणो आपल्या नकळत काही दाबायचे. कार्ड चाललं होतं. पंखे गरगरत होते. टक्केवारी एकाने चढली, दोनाने चढली. आणि एकाएकी पडदा बदलला, पासवर्ड मागणारी पाटी आली आणि पंख्यांचा आवाज बसत बसत गेला. त्यांनी चटकन आपल्या हातांकडे पाहिलं. हात काखेतच होते.

फोन वाजला. “बाबा, आज पण कार्ड—”

“तू आत्ता आत शिरलीस का?”

“हो, आत्ताच. का?”

“बाहेर पड. मी सांगितल्याशिवाय येऊ नकोस.”

त्यांनी यंत्र बंद करून पुन्हा लावलं. कार्ड हजर, पंखे चालू. “आता ये,” ते फोनवर म्हणाले. पासवर्डची पाटी आली, पंखे बसले. “नाहीये ना?”

“नाहीये.”

“जा बाहेर.” पुन्हा बंद, पुन्हा चालू. कार्ड हजर. “ये.” गुल. “जा.” हजर. “ये.” गुल. त्यांनी तिला इतक्यांदा आतबाहेर करायला लावलं, की शेवटी ती रडकुंडीला येऊन म्हणाली, “थांबा बाबा, मला जरा वाचू द्या.” पलीकडून बराच वेळ नुसती कळफलकाची टकटक ऐकू येत राहिली. याच सॉफ्टवेअरची जगभरातली मंडळी जिथे आपापल्या अडचणी मांडतात, तिथे ती शोधत होती.

“बाबा,” ती म्हणाली तेव्हा तिचा आवाज पार उतरला होता. “इथे लिहिलंय. लांबून कोणी असं आत शिरलं, की विंडोज खरं कार्ड बाजूला ठेवतं आणि नुसता एक कामचलाऊ पडदा पुढे करतं. मग सॉफ्टवेअरला कार्ड सापडतच नाही, यंत्र पुन्हा लावेपर्यंत. मी बघायला यायचे ना, म्हणून ते जात होतं. दर वेळी माझ्यामुळेच जात होतं. तुम्ही काहीच केलं नव्हतं, बाबा.” आणि ती रडायला लागली.

“अगं रडतेस काय, वेडे!” वेणीमाधवराव म्हणाले, आणि त्यांचाच आवाज फुटला. “माझं डोकं जाग्यावर आहे! ऐकलंस? जाग्यावर आहे!” फोन तसाच हातात धरून ते डोळे पुसत बेडरूममध्ये गेले. त्यांना हे आधी इंदिराबाईंना सांगायचं होतं.

“ऐकलं मी,” इंदिराबाई म्हणाल्या. त्या पलंगाच्या कडेवर बसल्या होत्या.

“मला तर आठवतसुद्धा होतं गं, किल्ली काढल्याचं! असं कसं आठवलं मला?” ते हसत म्हणाले आणि मधेच थांबले. “त्या दुपारी तुझा डोळा लागला होता ना?”

इंदिराबाईंनी हातातली साडी मांडीवर ठेवली. “नव्हता लागला.”

“काय?”

“जागी होते. किल्ली मुठीत होती. तुम्ही सोफ्यावर घोरत होतात.”

वेणीमाधवरावांना काही कळेना. त्यांनी बायकोकडे पाहिलं, फोनकडे पाहिलं, पुन्हा बायकोकडे पाहिलं. “मग मला वेडा का ठरू दिलंस?”

“चुकलं माझं. फार चुकलं. तुम्ही त्या यंत्राशी एकटेच बोलायला लागलात, तेव्हा रोज वाटायचं, सांगून टाकावं.” त्यांनी डोळ्यांना पदर लावला नाही, सरळ त्यांच्याकडे बघून बोलल्या. “पण मला पुण्याला जायचं होतं. यशश्री झाली तेव्हापासून म्हणतेय. पोर फोनमध्ये वाढतेय माझी. तुम्ही म्हणता, बघू. तुमची तब्येत बिघडली असं म्हटल्यावर एका आठवड्यात सगळं ठरलं. मला जायचंय म्हणून कधी काही ठरलंय का हो या घरात?”

त्यांना असा संताप आला होता, की समोरची बॅग उचलून भिरकावून द्यावी. काहीतरी जिव्हारी लागेल असं बोलायचं म्हणून ते तोंड उघडणार, तेवढ्यात त्यांना आठवलं. यशश्रीच्या बारशाहून परतताना टॅक्सीत ते म्हणाले होते, बघू. तिच्या पहिल्या वाढदिवसाला इंदिराबाईंनी चार दिवस राहू का विचारलं, तेव्हा पेपरमधून मान वर न करता म्हणाले होते, बघू. गेल्या दिवाळीत म्हणाले होते. यातलं काहीएक अंधुक नव्हतं.

“बाबा?” हातातल्या फोनमधून मृण्मयी म्हणाली. तिला आईचं बोलणं किती ऐकू गेलं होतं कोण जाणे. “मी डॉक्टरांची वेळ रद्द करते हं. आणि पुण्याला यायचंही राहू द्या आता. तुम्ही राहा आपले निवांत नाशिकला.”

इंदिराबाई उठल्या आणि बॅगेतल्या साड्या काढून परत कपाटात ठेवू लागल्या.

“डॉक्टर रद्द कर,” वेणीमाधवराव म्हणाले. राग अजून गेला नव्हता, त्यामुळे शब्द तुटक निघाले. “पण आम्ही येतोय.”

“का? आता कशाला?”

“तुझ्या आईला यायचंय.”

कपाटाशी चाललेली खुडबुड थांबली.

“अय्या, या ना! मी पुढच्या खोलीतलं सामान हलवून ठेवते. किती दिवस येताय?”

वेणीमाधवरावांनी फोन बाजूला धरला. “इंदिरा, किती दिवस, विचारतेय.”

इंदिराबाई साडी छातीशी धरून नुसत्या उभ्या राहिल्या. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण हा प्रश्न त्यांना कधी कोणी विचारला नव्हता.

“सांग ना,” वेणीमाधवराव म्हणाले. “ती थांबलीय फोनवर.”