राणीच्या खिडकीखालचं कारंजं

लग्नाला एकतीस वर्षं झाली, तरी नळवाल्याच्या बायकोने तो किल्ला फक्त खालूनच पाहिला होता. गल्लीच्या टोकाला उभं राहिलं की समोरच्या डोंगराच्या कुशीत तो दिसायचा: चार बुरूज, आणि त्यांच्या खाली टप्प्याटप्प्यांनी उतरत आलेल्या बागा. जायचं ठरलं रे ठरलं की कुणाची तरी मोरी तुंबायची. एकदा तर दोघं बसमध्ये जागा धरून बसली होती आणि शाळेच्या टाकीचा व्हॉल्व्ह गेल्याचा निरोप आला. नवरा उतरून गेला, आणि एकटीने कसलं फिरायचं म्हणून तीही उतरली.

तशी ती काही घरात बसून दिवस मोजणारी बाई नव्हती. पडदे शिवायची. हॉटेलांचे, दवाखान्यांचे, नवीन लग्न झालेल्यांचे. किल्ल्यातल्या दालनांमध्ये जुन्या काळचे मखमली पडदे अजून टांगलेले आहेत, असं एका गिऱ्हाईकाने तिला सांगितलं होतं, तेव्हापासून तर तिच्या डोक्यात तेच बसलं होतं.

यंदा तिने लेकीला मध्ये घातलं. निघायच्या दिवशी लेकीने बापासमोर हात पुढे केला.

"बाबा, फोन द्या. आणि पिशवीतला पाना काढा."

"अगं, पाना असाच राहिलाय आत."

"असाच राहिलेला काढा."

नळवाल्याने निमूटपणे दोन्ही देऊन टाकलं. बसमध्ये मात्र स्वारी खुशीत होती. खिडकीशी बसून बायकोला संत्रं सोलून देत होता.

खालच्या फाटकातून तिकिटं काढून दोघं बागांमधून चढू लागली. पहिल्या टप्प्यावर लिंबाची झाडं, दुसऱ्यावर कापून गोल केलेली झुडपं, आणि तिसऱ्यावर भलामोठा दगडी हौद. मधोमध तोंड वर करून उभे तीन दगडी मासे. हौदात पाण्याचा टिपूस नव्हता, नुसता पाचोळा. कडेला 'दुरुस्तीचे काम सुरू आहे' अशी पाटी, आणि तिची अक्षरं उन्हाने उडत आलेली.

"ही पाटीच आता दुरुस्तीला आलीय," नळवाला म्हणाला आणि थांबला.

"अहो, चला. आपण पाहुणे आहोत इथे."

"चाललोच आहे की."

चालला खरा, पण नजर जमिनीवर. वरच्या टप्प्यावर गुलाबांचा रुंद वाफा होता आणि गमबूट घातलेली एक उंच बाई कात्रीला तेल लावत बसली होती. बागेची मुख्य माळीण तीच. नळवाल्याने तिला सहज विचारावं तसं विचारलं, "बाई, खालच्या कारंज्याला पाणी कुठून येतं?"

"वर झऱ्याची टाकी आहे, काका. टाकी तुडुंब भरलेली असते, पण खाली थेंब उतरत नाही. दोन वर्षं झाली. तिघं जण बघून गेले. पाईप फुटलाय म्हणतात, सगळी बाग खणा म्हणतात. मी म्हटलं, आधी मला खणा."

"फुटला असता तर कुठेतरी ओल दिसली असती."

"मी तरी वेगळं काय म्हणते?"

एवढं ऐकल्यावर बायकोला पुढचं सगळं कळून चुकलं. आता हा गडी इथून हलत नाही. तिने हातातल्या दोन तिकिटांतलं एक त्याच्या खिशात कोंबलं.

"तुमचं चालू द्या. मी आत जाते."

"अगं, पाच मिनिटं..."

"तुमची पाच मिनिटं मला पाठ आहेत."

आणि ती एकटीच पायऱ्या चढून गेली. पहिल्या दालनात ती रागातच होती. तलवारी, ढाली, तसबिरींतल्या कुणाकुणाच्या मिशा, काही डोळ्यांत शिरेना. दुसऱ्या दालनात पडदे होते आणि राग कुठच्या कुठे गेला. गडद हिरवी मखमल, छतापासून जमिनीपर्यंत. दोरीच्या अलीकडून जेवढं वाकता येईल तेवढं वाकून तिने काठ पाहिला. अख्खी शिवण हाताची होती, आणि टाका इतका बारीक की मशीनने लाजावं. शेजारच्या अनोळखी बाईला तिने न विचारताच सांगितलं, "काठ उडू नये, चुण्या सरळ पडाव्यात म्हणून खालच्या दुमडीत शिशाच्या गोळ्या शिवतात. बघा, कसा सरळ पडलाय." त्या बाईलाही ऐकायला आवडलं. बघता बघता चारपाच जण मार्गदर्शकाला सोडून हिच्याच मागे फिरू लागले.

तिकडे बागेत नळवाला हौदापासून वरपर्यंत पाईपच्या रेषेवर पावलं टाकत गेला, परत आला आणि गुलाबांच्या वाफ्यापाशी थबकला.

"ही जागा बाकीच्या बागेपेक्षा उंच कशी?"

"तिथे पूर्वीपासूनच चढ आहे. त्यात मी वर दोन हात माती भरली. गुलाबांना पाणी साचलेलं चालत नाही ना."

"माती कधी भरलीत?"

माळीण उत्तर द्यायला गेली आणि मधेच थांबली. "दोन वर्षांपूर्वी," ती हळूच म्हणाली.

"मग हवा अडकलीय. पाईप इथे चढतो आणि पुढे उतरतो. अशा जागी हवा साठते, म्हणून जुने लोक तिथे झाकण ठेवायचे, अधूनमधून उघडायला. ते तुमच्या मातीखाली गेलंय."

माळिणीने स्वतःच्या हाताने दोन गुलाब मुळांसकट अलगद काढून बाजूला ठेवले. मग दोघांनी आळीपाळीने फावडं चालवलं. कमरेपर्यंत खड्डा झाला तेव्हा फावडं लोखंडावर वाजलं.

त्या वेळी बायको वरच्या मजल्यावर राणीच्या शयनगृहात होती. मार्गदर्शक खिडकीशी उभा राहून घोकलेलं म्हणत होता, "याच खिडकीतून राणीसाहेब रोज कारंजं पाहत असत. दुर्दैवाने आज आपल्याला त्याची कल्पनाच करावी लागेल."

तिने खाली पाहिलं. गुलाबांच्या वाफ्यात तिचा नवरा खड्ड्यात उकिडवा बसला होता, नुसतं डोकं आणि खांदे दिसत होते. माळिणीच्या पान्याने तो काहीतरी पिळत होता. एकदम त्याने तोंड मागे घेतलं. फुसफुस आवाज वरपर्यंत आला, बराच वेळ येत राहिला. मग खालच्या हौदातल्या माशांना ढास लागली. एकाच्या तोंडातून गढूळ पाण्याची चूळ उडाली, दुसऱ्याने पाचोळा थुंकला, आणि तिसऱ्यासकट तिघांनी मिळून पाणी वर फेकलं. आधी मातकट, मग स्वच्छ, पुरुषभर उंच.

दालनातले सगळे खिडकीशी गोळा झाले. मार्गदर्शक तर खिडकीतून निम्मा बाहेर लोंबत होता.

"कोण आहे तो खड्ड्यात?" त्याने विचारलं.

"आमचे हे," ती म्हणाली. मग ती पडद्याकडे वळली.

ती खाली आली तेव्हा नळवाला हौदाच्या काठावर चिखलाने माखून बसला होता. तिला पाहून उठला.

"रागावलीस?"

"रागावले होते. मग विसरले. तुम्ही वर यायला हवं होतं, अहो. काय पडदे आहेत."

"आता येतो."

"पाच वाजले. आता बंद झालं. आणि या अवतारात तुम्हाला दारात तरी कोण उभं करील?"

माळीण हसली. "सोमवारी सुट्टी असते. दोघं या. मी उघडायला सांगते."

सोमवारी दोघं गेली. रिकाम्या दालनांमधून ती पुढे आणि तो मागे, मागे हात बांधून. तिने त्याला काठ दाखवले, टाके दाखवले, दोरी ओलांडायची परवानगी आहे म्हटल्यावर मखमलीला हात लावू दिला. त्याने दोनदा नको तो प्रश्न विचारला, तिने दोन्ही वेळा नीट समजावलं.

आता महिन्यातून एकदा ते झाकण उघडायला तो वर जातो आणि तीही सोबत जाते. तळमजल्यावरच्या पडद्यांची उसवलेली अस्तरं तिने शिवून दिली आहेत. वरचा मजला अजून बाकी आहे आणि तिला काही घाई नाही.