दोन्ही नाही

"अगं, शेवटच्या रकान्यात कशाला खूण करतेस?" जीनीन माझ्या खांद्यावरून डोकावत म्हणाली. "आपण विधेयकाच्या बाजूने बोलायला आलोय ना?"

"पेन्शनला दोन वर्षं राहिलीत माझ्या. हा रकाना बरा."

"म्हणजे कंपनीला दुखवायचं नाही आणि मलाही नाही. शाळेपासून अशीच आहेस तू."

ऑगस्टाला, आमच्या राज्याच्या विधानभवनात बोलायचं असेल तर आधी फॉर्म भरावा लागतो. त्यावर तीन रकाने असतात: बाजूने, विरोधात, दोन्ही नाही. तिसरा रकाना माझ्यासारख्यांसाठीच काढला असावा.

मी बावीस वर्षं विमा कंपनीच्या फोनवर बसते. तुमच्या उपचाराला मंजुरी नाही, हे गोड आवाजात सांगण्याचा मला पगार मिळतो. आमचा एक नियम होता. नकाराची फेरतपासणी मागता येते, कंपनीबाहेरचा डॉक्टर ती फुकट करतो, हे समोरच्याने विचारलं तरच सांगायचं. विचारलं तर अगदी सविस्तर. नाही विचारलं तर "आणखी काही मदत करू का?" म्हणायचं आणि पुढचा फोन घ्यायचा. घरी जाणाऱ्या पत्रात ते छापलेलं असतंच म्हणा, सातव्या पानावर, मुंगीएवढ्या अक्षरांत. नव्या विधेयकात दोन गोष्टी होत्या. कंपनीने मनाला येईल तसे हप्ते वाढवायचे नाहीत, आणि नकार देताना फेरतपासणीचं त्याच फोनवर आपणहून सांगायचं.

त्या दिवसाच्या सव्वा वर्ष आधी, नोव्हेंबरात, रोलंडचा फोन नेमका माझ्याकडे आला. रोलंड जीनीनचा नवरा. आमच्या लुइस्टन गावातल्या निम्म्या घरांचं हीटिंग त्यानेच बसवलेलं. डॉक्टरांनी लिहून दिलेली इंजेक्शनं कंपनीने नाकारली होती.

"अरे, क्लोडेट, तू होय? मग काय म्हणतात तुझे साहेब?"

मी सांगितलं.

"नाही म्हणतात? बरं."

मी थांबले. विचार, एक प्रश्न विचार, असं मनातल्या मनात म्हणत राहिले. पण आमचे आईबाप गिरणीत राबलेले. मुकादमाने एकदा नाही म्हटलं की पुन्हा तोंड उघडायचं नाही, हे आम्ही त्यांच्या घरात शिकलो. रोलंडने पुन्हा विचारलं नाही. फोन रेकॉर्ड होत होता आणि त्या महिन्यात माझ्या नावावर आधीच दोन चुका नोंदल्या गेल्या होत्या. मी म्हणाले, "आणखी काही मदत करू का?"

"नको गं. तू तरी काय करणार," तो म्हणाला, आणि वर मलाच थँक्यू म्हणून त्याने फोन ठेवला.

एप्रिलमध्ये तो गेला. तो फोन मी घेतला होता हे जीनीनला माहीत नसावं, असं मी धरून चालले होते. दर रविवारी तिला चर्चला नेत होते, तिच्या दारातला बर्फ उपसत होते. त्याने कधीतरी मन हलकं होईल असं वाटायचं. ते काही झालं नाही.

विधेयकावर सुनावणी घेणाऱ्या समितीपुढे प्रत्येकाला तीन मिनिटं मिळतात. जीनीन माझ्या आधी उठली. तिने कागद आणलाच नव्हता.

"नकार आल्याचं त्याने मला सांगितलं, तेव्हा मी म्हटलं, आणखी कुणाला तरी विचारू या. माझा भाचा वकिलाकडे काम करतो. तर रोलंड म्हणाला, अगं, फोनवर आपली क्लोडेट होती. काही मार्ग असता तर तिने सांगितलाच असता. म्हणून आम्ही गप्प बसलो." ती वळून माझ्याकडे बघून हसली. "ती बघा, मागे बसलीय. तिच्या तरी हातात काय होतं, मॅडम? असल्या भल्या माणसांकडून या कंपन्या 'नाही' म्हणवून घेतात."

माझ्या कागदावर मी नावं गाळून सगळं लिहिलं होतं. काही ग्राहकांना, काही प्रसंगी, असं. माझं नाव पुकारल्यावर मी तो खुर्चीवरच ठेवला.

"नाव, गाव आणि तुमची भूमिका," अध्यक्षबाई म्हणाल्या. "इथे दोन्ही नाही लिहिलंय."

"क्लोडेट मिशो, लुइस्टन. ते खोडा. मी बाजूने आहे."

मग मी सांगितलं. मार्ग होता. बाहेरच्या डॉक्टरने तपासलं की कितीतरी जणांना मंजुरी मिळते. रोलंडने विचारलं नाही म्हणून मी सांगितलं नाही. सांगायला दहा सेकंद लागले असते.

"नोकरी जाईल अशी भीती होती का?" समितीतल्या एकाने विचारलं.

"होती. पण खरं सांगायचं तर सवय झाली होती."

तीन मिनिटांतलं एक मिनिटही संपलं नव्हतं. मला आणखी काही बोलायचं नव्हतं.

परतीच्या वाटेवर माझ्या गाडीत जीनीन खिडकीबाहेर बघत होती. गाव जवळ आल्यावर तिने विचारलं, "फोनवर आवाज कसा होता त्याचा?"

"नेहमीसारखाच."

"चिडला नाही?"

"नाही."

"चिडायला हवं होतं त्याने. पण त्याला ते कधी जमलंच नाही. आता ते मला करावं लागणार. आणि मलाही जमत नाही गं. शाळेपासूनची तू माझी."

मी माफ कर म्हणाले. तिने मान हलवली, ती हो म्हणून की नाही म्हणून, ते मला कळलं नाही. घराशी उतरताना म्हणाली, "रविवारी न्यायला येऊ नकोस. मी चालत जाईन."

जूनमध्ये विधेयक मंजूर झालं. आता त्याच फोनवर मी कुणी विचारायची वाट न बघता प्रत्येकाला सगळं सांगते. कुणी घाईत फोन ठेवायला लागला तर थांबा, पेन घ्या, म्हणते. दर वेळी रोलंड आठवतो.

रविवारी जीनीन माझ्या आधी चर्चला पोचलेली असते. प्रार्थनेच्या शेवटाकडे सगळे वळून शेजारच्यांशी, मागच्यांशी हात मिळवतात, शांती असो म्हणतात. तीही वळते आणि मागच्या म्हातारीचा हात दोन्ही हातांत घेते. मग माझ्याकडे बघते, क्षणभर, अगदी सरळ. ती हल्ली माझ्या पुढे चार बाकं सोडून बसते, तेवढ्यावर हात पोचत नाही.